शेषरावाची अंघोळ

॥ श्री ॥
रुक्मिणीनगर, अमरावती
९ एप्रिल २०२५

चि. नारायण यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर हललेलं दिसलं तर वयावर घालू नकोस. वयानं माझे कान नेले, हात अजून शाबूत आहेत. आज ते थरथरतायत, कारण माझ्या घरात साप निघाला आहे. निघाला म्हणजे बिळातून नव्हे. तो तीन आठवड्यांपासून इथेच राहतो आहे आणि त्याला तुझ्या सुनेनं आणलं आहे.

अबोली बदली होऊन माझ्याकडे आली तेव्हा सामानात एक लांबट काचेची पेटी होती, वरून जाड चादर घातलेली. विचारलं तर म्हणाली, यात शेषराव आहे आत्या, सावकाश दाखवीन. मला वाटलं शेषशायी विष्णूची मूर्ती असेल. भिक्षुकांच्या घराण्यातली सून, आणली असेल. मीच म्हटलं, मग देवघराला लागून ठेव. तेव्हापासून रोज पूजा झाली की एक फूल मी त्या चादरीवर वाहत होते. आज फूल वाहायला वाकले तर चादर सरकलेली, आणि काचेपलीकडून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. हातातलं तबक पडलं. मी ओरडले की नाही ते सांगता येत नाही, मला ऐकू येत नाही. पण फुलं घेऊन आलेली माणिकबाई फाटकातून धावत आत आली, म्हणजे ओरडले असणार.

अबोली ऑफिसला निघायच्या तयारीत होती. तिनं मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि ओठ नीट दिसतील असं समोर बसून सांगितलं. हा अजगराच्या जातीचा आहे, आफ्रिकेकडचा. विष नाही. चार फूट आहे, याहून फार वाढत नाही. वनखात्याकडे नोंद आहे. तो नोंदीचा कागद तिनं माझ्यापुढे धरला आणि मला दुसरा धक्का बसला. मालकाच्या जागी शुभंकरचं नाव होतं.

म्हणजे हा आपल्या शुभंकरचा साप. पोरगा गेला त्याला सव्वा वर्ष झालं. तेव्हा तू मला एवढंच सांगितलं होतंस की तो पहाटे धुक्यात मोटरसायकलवर अमरावतीला कसला तरी दिवा आणायला निघाला आणि मूर्तिजापूरजवळ ट्रकखाली आला. कसला दिवा, ते मी विचारलं नाही. आज कळलं, थंडीत या सापाला ऊब देणारा दिवा. तो बिघडल्याचं अबोलीनं आदल्या रात्री शुभंकरला सांगितलं होतं. आज ती म्हणाली, मीच पाठवलं त्याला आत्या. आवाज मला आला नाही, ओठ दिसले, आणि ते पुरे झालं.

आता मी काय करावं? साप घरात नको म्हटलं तर ती म्हणते, मग मी दुसरीकडे खोली बघते. रागानं नाही म्हणाली, सरळ म्हणाली. नवरा गेलेल्या पोरीला मी या वयात घराबाहेर काढू का? अक्षय तृतीयेपर्यंत बघते असं म्हटलं आहे. तोवर पेटी देवघरापासून हलवून पश्चिमेच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी नेली. त्याचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर. तेही तिथल्याच लहान फ्रीजमध्ये, माझ्या नजरेला नकोत. अट मी एकच घातली. या घरात अंघोळीवाचून, पारोसं, कुणी जेवत नाही, मग तो साप का असेना. तीही काही हसली नाही.

तुला हे सगळं माहीत होतं का? फोन करू नकोस. निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं तू कोर्टातल्यासारखं ओरडतोस. पत्रानंच कळव. सौ. रागिणीला आशीर्वाद. थोरल्या बहिणीवरचा जीव आहे तेवढा राहू दे.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
जठारपेठ, अकोला
१४ एप्रिल २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र रागिणीला वाचून दाखवलं. चादरीवरच्या फुलांपाशी आलो आणि ती पदर तोंडाला लावून हसली. या घरात सव्वा वर्षानं कुणी हसलं, त्याचं पुण्य तुझ्या पूजेला.

हो, मला माहीत होतं. सांगितलं नाही हा गुन्हा कबूल. ते जनावर इथे तीन वर्षं होतं. दिवाळीला तू यायचीस तेव्हा शुभंकर पेटी मित्राकडे नेऊन ठेवायचा. तुला कळलं असतं तर तू अकोल्याचं पाणीसुद्धा प्यायली नसतीस, असं आमचं मत होतं, आणि तुझं पत्र पाहता ते चुकीचं नव्हतं.

खरं सांगतो, मला त्याचं तोंड बघवत नाही. अबोलीनं पेटी उचलून नेली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. वर्षश्राद्धाच्या दिवशी चार पाहुण्यांदेखत मी बोलून गेलो होतो की या सापापायी माझा मुलगा गेला. अबोली वाढत होती. तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. तू तो विषय तिच्यापुढे काढू नकोस.

मुदत वाढवून दे असा अर्ज करणार होतो, पण तुझ्या कोर्टात अपील चालत नाही हे लहानपणापासून ठाऊक आहे. इथे ऊन मी म्हणतंय. माझी तब्येत बरी, रागिणीचे गुडघे तसेच. तुझी माया आहे म्हणून हा धाकटा अजून धाकटा आहे.

तुझा,
नारायण

॥ श्री ॥
अमरावती
२५ एप्रिल २०२५

चि. नारायण यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षय तृतीया पाच दिवसांवर आली आणि मी मुदतीचं नाव काढत नाही, यावरून काय ते ओळख.

अबोली साडेनऊला तिच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत जाते, मग दिवसभर घरात आम्ही दोघं. पस्तीस वर्षं शाळेत ओरडून काढली, आता असा विद्यार्थी मिळाला आहे की तो बोलत नाही आणि मला ऐकू येत नाही. घाबरला की डोकं आत घेऊन लाडवासारखा वळतो. अबोलीनं मला त्याला उचलायला शिकवलं, मधोमध दोन्ही हात घालून, डोक्याकडून नाही. पहिल्यांदा उचलला तेव्हा रामरक्षा अर्ध्यात विसरले. साप हाताला कोरडा लागतो, बुळबुळीत नाही, हे मला सत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पण आठवड्यापासून एक विचित्र चाललं आहे. पेटीत त्याच्या पाण्याचं पसरट भांडं असतं. त्यात तो जाऊन बसतो तो बाहेरच येत नाही. सकाळी बघावं तर जरा इकडे तिकडे करतो, पण ऊन चढलं की पाण्यात, ते दिवेलागणीपर्यंत. नुसतं नाक वर. दोनदा उंदीर दिला, ढुंकून पाहिलं नाही. अबोली म्हणते, कात टाकायच्या आधी असे बसतात, पण तेव्हा डोळे दुधाळ होतात आणि याचे तर स्वच्छ आहेत. तिचं तोंड उतरलंय. शुभंकरची एवढीच एक जिवंत वस्तू उरली आहे आत्या, असं म्हणाली. ऑफिसात पेरणीआधीचे मातीचे नमुने येऊन पडलेत, त्यामुळे दिवसा ती घरी नसते.

माणिकबाईला विचारून पाहिलं. तिचं बडनेऱ्याकडे झेंडू-मोगऱ्याचं वावर आहे, तिला सापांचं नवल नाही. म्हणाली, बाई, आमच्या हौदात बी धामन अशीच पडून रायते उनाच्या दिवसात, आंग भाजते तिचं म्हनून. थे काई आंग धुवाले नाई बसत. मी म्हटलं, असेल, पण तुझी धामण वेगळी आणि हा आफ्रिकेचा.

बरं, पाण्याचा सोस एकट्या त्यालाच नाही. तुझी सून सकाळी न्हाणीघरात जाते ती तासभर बाहेर येत नाही. नळ धो धो चालू. मला आवाज येत नाही, पण गच्चीवरची टाकी रिकामी होते ते कळतं. उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची काय तऱ्हा असते, वेगळं सांगायला नको. बाहेर येते तेव्हा डोळे लाल, म्हणे साबण गेला. एकदा बोलणार आहे तिला.

तर तू सांग. तुझ्या घरात तो तीन वर्षं होता. सापाला असं पाण्यात बसू द्यावं का? त्याला अंघोळच हवी असेल तर मी घालते. पारोसा जेवत नसेल तर तो माझ्याच नियमाला धरून वागतोय. आईचं पितळी गंगाळ माळ्यावर आहे, ज्यात तुला आणि मला न्हाऊ घालायची तेच. त्यात तो मावेल. उत्तर लवकर धाड, आणि मायेचा ओघ इकडे चालू ठेव.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
अकोला
२९ एप्रिल २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

सापाची शंका विचारायला तुला वकीलच सापडला, हे बरं झालं. डॉक्टरनं पैसे घेतले असते, मी नुसते आशीर्वाद घेईन.

तुझं निदान बरोबर आहे. त्याला अंघोळच हवी आहे. शुभंकर उन्हाळ्यात त्याला रोज घालायचा, मी पाहिलं आहे. गंगाळाची कल्पना उत्तम. काठोकाठ भर, म्हणजे त्याला नीट पोहता येईल. त्याला सोडलं की वर पाट ठेव आणि पाटावर वरवंटा, नाहीतर तो निसटेल आणि माणिकबाईला पुन्हा धावत यावं लागेल. तास-दीड तास राहू दे. धडपडला तरी काढू नकोस. लहान मूलही न्हाताना धडपडतंच की.

अबोलीला मात्र एवढ्यात सांगू नकोस. सासरचे ढवळाढवळ करतात असं तिला वाटायचं. ती ऑफिसला गेली की उरकत जा. तो जेवायला लागला की तिला आपोआप कळेल आणि तुझं कौतुक होईल.

इकडे सगळं ठीक. कोर्टाला लवकरच सुट्टी लागेल. तुझा लोभ माझ्यावर कायम आहे, यावरच माझी भिस्त.

तुझा,
नारायण

अमरावती
८ मे २०२५

नारायण,

आज वर श्री लिहिला नाही आणि आशीर्वादही लिहीत नाही. आधी वाच.

तू सांगितलंस तसं मी केलं. दोन मेपासून, अबोली ऑफिसला गेली की, दुपारी. पहिले दिवस गंगाळ अर्धंच भरत होते, कारण मला ते काठोकाठ भरलेलं हलवता येत नाही. आत तो पाटाला नाक लावून ढुशा द्यायचा. मला ते हादरे हाताला जाणवायचे, आणि मी म्हणायचे, बस रे, झालंच. तरी तो जेवेना. मग तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि वाटलं, आपण अर्धं भरतो तिथेच चुकतंय. काल बादलीनं पाणी आणून गंगाळ काठोकाठ भरलं. पाट ठेवला, वरवंटा ठेवला, शेजारी बसले, आणि माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा सव्वाचार झाले होते.

पाट उचलला तर तो वर तरंगत होता. लांब, सरळ. साप असा सरळ कधी नसतो हे मला महिन्याभरात कळलं आहे. तोंड अर्धवट उघडं आणि त्यातून फेस येत होता. तसाच उचलला तर दोन्हीकडून ओल्या धोतरासारखा लोंबला. अबोलीला फोन लावला आणि ती काय बोलते ते ऐकू येत नसताना मी नुसतं सांगत राहिले की ये, ये, मी मारला त्याला.

ती वीस मिनिटांत आली. त्याचं डोकं खाली धरलं, तोंडातून पाणी निथळू दिलं आणि ऑटोत बसून आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. प्रतीक्षा नाव तिचं, तरणी मुलगी आहे, पण हात जाणता. जीव आहे म्हणाली, पण पाणी फुप्फुसात गेलंय, वाचेल असं सांगत नाही. ठेवून घेतला. मग तिनं मला विचारलं आणि मी सगळं सांगितलं. कुणाच्या सांगण्यावरून, तेवढं नाही सांगितलं.

ती रागावली नाही, तेच मला सोसलं नाही. ओठ वाचता येतील असं सावकाश बोलली. सापाला पाण्याचं भांडं मोठं द्यावं. त्याला हवं तर तो बसेल, पुरे झालं की निघेल. आपण धरून बसवायचं नसतं, त्यात तो दमतो आणि बुडतो. आणि दिवसचे दिवस तो पाण्यातून निघत नसेल तर त्याला ओढून काढू नये, रागावूही नये. पाण्याबाहेर त्याला काय सोसत नाही, ते शोधावं. मग तिनं पेटी कुठे असते ते विचारलं. पश्चिमेची खोली, भिंतीवर दुपारभर ऊन, कूलरचं वारं तिथे पोचत नाही. अबोली पेटीतला उष्णतेचा काटा सकाळी आणि रात्री बघायची, तेव्हा तो ठीक असायचा. दुपारी काटा कुणी बघितलाच नाही. तो भाजत होता. माणिकबाईनं एका वाक्यात सांगितलं होतं आणि मी शिकलेली, मी ऐकलं नाही. त्या खोलीत त्याला मीच घातलं होतं.

हे सगळं माझं. मी ते माझ्या डोक्यावर घेते. पण पुढचं ऐक.

डॉक्टरला त्याचं वजन आणि खाण्याच्या नोंदी हव्या होत्या म्हणून अबोलीनं शुभंकरची वही काढली. पहिल्या पानावर नियम आहेत. कायद्यासारखी कलमं घातलेली. कलम सातवं मी तिथे उभ्यानं वाचलं. पाण्याचे भांडे प्रशस्त असावे. सर्पाने स्वेच्छेने बसल्यास बसू द्यावे. धरून बसवू नये. झाकण लावून तर कदापि नाही.

नारायण, ते अक्षर तुझं आहे. तुझा तो शेपूट ओढलेला ण मी तुला पाटीवर शिकवला आहे.

शुभंकर त्याला रोज अंघोळ घालायचा, मी पाहिलं आहे, असं तू लिहिलंस. मेलेल्या मुलाच्या नावावर. आईच्या गंगाळात, माझ्या हातानं. का?

अनुपमा

अकोला
१२ मे २०२५

ताई,

नमस्कार लिहायचा हक्क राहिला आहे की नाही ते ठाऊक नाही, तरी करतो.

अक्षर माझंच. तीन रविवार बसून आम्ही दोघांनी ती कलमं लिहिली. तो सांगायचा, मी कायद्याच्या भाषेत घालायचो. सातव्या कलमाला मी विचारलं होतं की कदापि कशाला, नाही पुरे आहे. तो म्हणाला, राहू द्या बाबा, कुणीतरी अतिशहाणा निघतोच.

तो साप मरावा असं मला वाटत होतं. तुझ्या पत्रात गंगाळाचं वाचलं आणि वाट दिसली. वाटलं, चुकून होईल, कुणाला दोष जाणार नाही. तो दोष तुझ्या हाताला चिकटेल हे मला दिसलं होतं, तरी मी पाकिटावर तिकीट लावलं. लिहिताना माझा हात थरथरला नाही. आज त्याचंच भय वाटतं.

सापापायी मुलगा गेला म्हणून केलं, असं लिहिलं तर तू मानशील. सगळे मानतात. पण ते खोटं आहे.

त्या दिवशी तुमच्या अमरावतीच्या कोर्टात चांदूर रेल्वेचे माझे अशील खुशालराव यांच्या शेताचा दावा होता. मूळ खरेदीखत माझ्याकडे राहिलं होतं, ते अकराच्या आत तिथल्या वकिलाच्या हाती पडायला हवं होतं. आदल्या दिवशी पाठवायचं मी विसरलो. पहाटे आठवलं आणि शुभंकरला उठवलं. तो म्हणाला, बाबा, धुकं फार आहे, आठच्या गाडीनं जातो. मी म्हटलं, गाडीचा भरवसा नाही, आत्ताच निघ. पस्तीस वर्षांत मी हजार वेळा तारीख मागून घेतली असेल. त्या दिवशी मागायची मला लाज वाटली. अबोली झोपली होती. फाटक उघडताना तो म्हणाला, जातोच आहे तर शेषरावाचा दिवाही आणतो.

बातमी आली तेव्हा ती जमिनीवर बसून म्हणत होती की मी दिवा सांगितला, मी पाठवलं. सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. वाटलं, उद्या बोलू. तेराव्याला वाटलं, आता काय उपयोग. वर्षश्राद्धाला तर मी स्वतःच सापाचं नाव घेतलं. एकदा खोटं गिळलं की पुढचे घास सोपे जातात. पोलिसांनी त्याची पिशवी दिली, त्यात खरेदीखताचं पाकीट होतं. खरेदीखत खुशालरावांना परत केलं, पाकीट माझ्या कपाटात कुलपात आहे. त्यावर माझ्या अक्षरात ती तारीख आहे आणि खाली रेघ मारून लिहिलंय, अकराच्या आत. रागिणीलाही माहीत नाही.

त्या पेटीसमोर उभा राहिलो की वाटायचं, एवढा एकच जीव आहे ज्याच्यावर मी आळ घातला आणि तो काही बोलत नाही. तो मेला असता तर वाटलं होतं, सगळं मिटेल.

अबोलीला तू सांग, ताई. माझ्यानं होणार नाही. एवढी एकच माया अजून कर.

नारायण

अमरावती
१५ मे २०२५

नारायण,

नाही. मी सांगणार नाही. उंटावरून शेळ्या हाकून झाल्या तुझ्या, एकदा माझ्या हातून करवलंस तेवढं पुरे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला वाटलं होतं गंगाळावरचा पाट उचलला त्याहून मोठा धक्का मला या जन्मी बसायचा नाही. काल सकाळी मी न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले. अबोली आत होती. दाराला तळहात लावला. नळाच्या धारेनं दार थरथरतं. तास झाला तरी ते थरथरत होतं. डॉक्टर जे म्हणाली ते मी नुसतं सापाबद्दल ऐकलं होतं. दोन महिने ही पोर नळ सोडून आत रडते आहे, घरात कुणाला आवाज जाऊ नये म्हणून. आणि घरात आहे कोण, तर एक बहिरी. मी टाकीवरून कुरकुरत होते.

साप अजून डॉक्टरकडेच आहे. तोंड मिटतोय एवढंच. पुढचं माहीत नाही.

रविवारी, अठरा तारखेला सकाळच्या गाडीनं ये. ते पाकीट घेऊन ये. रागिणीला आधी सांगून ये. लोभ वगैरे त्यानंतर बघू.

ताई

॥ श्री ॥
अमरावती
२८ मे २०२५

चि. नारायण यास आशीर्वाद. अनेक नाहीत, सध्या एवढेच.

तू आलास, पाकीट तिच्यापुढे ठेवलंस आणि सगळं तिच्याकडे बघून सांगितलंस, हे मी पाहिलं. ती पाकीट घेऊन उठून गेली आणि दार लावून घेतलं. दोन तास तू ओसरीवर बसून राहिलास. जाताना पाठ वाकली होती. मी तुला थांब म्हटलं नाही. आजही म्हणत नाही. पण न येता राहिला असतास तर हे पत्रही लिहिलं नसतं.

तू गेल्यावर चार दिवस ती माझ्याशीही बोलली नाही. मी बोलवलंही नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर बसली, मी भाजी चिरत होते. म्हणाली, बाबांना एक विचारा. तो निघाला तेव्हा चहा घेतला होता का? तिला एवढे दिवस वाटतंय की ती झोपून राहिली आणि तो तसाच थंडीत, उपाशी गेला. एवढंच विचारायचं आहे. माफ केलं किंवा नाही केलं, असं ती काहीच म्हणाली नाही, आणि तूही ते विचारू नकोस. चहाचं लिही. जे असेल ते, खरं लिही.

शेषराव वाचला. परवा डॉक्टरनं घरी पाठवला. औषध अजून चालू आहे. पेटी पुन्हा देवघराला लागून ठेवली आहे, तिथे भिंतीला ऊन लागत नाही आणि कूलरचा गारवा बेताचा पोचतो. अबोलीचा पलंगही त्या भट्टीतून काढून मधल्या खोलीत आणला. हे दोन महिन्यांपूर्वी सुचलं असतं तर. तेच पाण्याचं भांडं त्याच्या पेटीत आहे. काल दिवसभरात एकदा गेला, प्यायला, पाच मिनिटं बसला आणि आपला आपण निघून आला. संध्याकाळी उंदीर खाल्ला. पारोसाच. मी चालवून घेतलं.

गंगाळ मी माणिकबाईला देऊन टाकलं. तिनं विचारलं, बाई, इतकं चांगलं कावून देऊन रायल्या. मी म्हटलं, तुझ्या फुलांना पाणी घाल त्यातून, तुझं ऐकलं नाही त्याचा दंड आहे. ते गंगाळ आपल्या दोघांचं होतं, म्हणून तुला कळवते. परत मागू नकोस.

उत्तराची वाट बघते. आणि मायेचं म्हणशील तर ती जात नाही रे, जावी असं वाटलं तरी.

तुझी,
ताई

ता. क. हे पत्र पाकिटात घालताना आत्ताचं लिहिते. आज सकाळी अबोली अंघोळीला गेली. मी दाराला हात लावून उभी राहिले. दहा मिनिटांत दार थरथरायचं थांबलं.